कोल्ह्याला मेथी विकणारा भोंगा

मी भोंगा बोलतोय. तसा मी जन्मभर बोलतच आलोय, पण सगळं बंडूजींचं बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

वर्ध्याच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. रोहण्याच्या बंडूजींनी मला उचललं, फुंकर मारून पाहिलं आणि मालवाहू ऑटोच्या टपावर बांधलं. घरी येताच त्यांनी अंगणात उभं राहून माझ्या पोटात आपला आवाज भरला. "मेथी घ्या, पालक घ्या, वांगे घ्या, सांबार घ्या, काकडी घ्या. थैली घेऊन या जी बाई." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. यादी संपवून ते खोकले. बटण बंद करायच्या आत मागून त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा, आवाज आला, "अवो, चाय थंडी होऊन राह्यली." तोही आत गेला.

पुसायचं कसं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मग काय, सहा वर्षं पिपरी मेघेच्या गल्ल्यांतून मी भाजी सांगितली, खोकलो आणि शेवटी चहा थंड होतोय हेही सांगितलं. तिथली पोरं दारातून माझ्यासोबत ओरडायची. बाया हसत हसत थैली घेऊन यायच्या. बंडूजी मेथी मोजता मोजता सगळ्यांच्या लेकी-सुनांची खुशाली विचारायचे. माणसाला भाजीपेक्षा बोलायलाच जास्त लागतं, हे मी तिथे शिकलो.

मग बंडूजींचा गुडघा गेला. डॉक्टरांनी ऑटो सोडायला सांगितला. मुलगा नीलेश जुड्या बांधून माल थेट बाजारात पाठवू लागला. मी खताच्या पोत्यांवरच्या फळीवर गेलो आणि माझ्या तोंडात एका पालीने संसार मांडला. बंडूजी बाजेवर बसले. आम्ही दोघंही गप्प झालो. पंचफुलाबाई चहा ठेवून जायच्या, ते तो निमूटपणे गरम गरम पिऊन टाकायचे. मला ते बघवत नसे.

अशात कोल्हा आला.

गावाच्या टोकाला आमचं वावर, वावरातच घर, आणि घरामागे तुरीला लागून खुराडं. रात्री कुत्री मोकळी असतात, हे कोल्ह्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने दिवेलागणीची वेळ धरली. तेव्हा घरचे सगळे वरच्या वावरात जुड्या बांधत असतात आणि कुत्रीही त्यांच्यामागे जातात. राखणीला एकटे बंडूजी. ते काठी शोधून उठेपर्यंत कोल्हा कोंबडी घेऊन तुरीत. आठ दिवसांत तीन गेल्या.

खरा घोर वेगळाच होता. पंचफुलाबाईंच्या आईने तळेगावाहून दिलेल्या कोंबड्यांच्या वंशातली आता एकच उरली होती, चितरी. ती खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसली होती. तिला हलवावं किंवा खुराड्याला जाळी ठोकावी, तर ती अंड्यांवरून उठणार आणि अंडी वाया जाणार. अजून तेरा दिवस काढायचे होते, आणि खुराड्याच्या दाराला सैल फळी.

"फासा लावतो," नीलेश म्हणाला.

"मारायचा नाई त्याले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "वावरातले उंदीर तू खाशील का? फकत आपल्या दारात नको. पन चितरी गेली तं मी पुन्हा कोंबडी पाळत नाई, सांगून ठेवतो."

बंडूजींनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. राखण त्यांची होती ना.

दुसऱ्या दिवशी ते लंगडत फळीपाशी आले. पालीला हाकललं, मला पुसलं, चार्जिंगला लावलं आणि खुराड्याशेजारच्या कडुनिंबाला टांगलं. दिवे लागायच्या वेळी बटण दाबलं. कोल्हा तुरीतून डोकं काढत होता. "मेथी घ्या" म्हणताच तो असा पळाला की शेपूट मागे राहिली की काय असं वाटलं. चितरीला बंडूजींचा आवाज रोजचाच, ती अंड्यांवरून हललीही नाही. मी फुशारलो.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी तो तुरीच्या कडेला बसून माझी अख्खी यादी ऐकत राहिला. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, आणि काकडीही होती यादीत, पण या पठ्ठ्याचा डोळा चितरीवरच. पाचव्या दिवशी तो सरळ चालत आला. बंडूजी काठी आपटत होते, मी जीव तोडून पालक विकत होतो, आणि त्याने सैल फळीला नाक लावलं. आतून चितरी फुत्कारली. नुसत्या बोलण्याने काही होत नाही, हे त्याला कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात कुंपणाला लावलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या वाजल्या. शेजारच्या शकुंतलाबाई थैली घेऊन आत आल्या.

"काऊन जी बंडूभाऊ, पाच दिवस झाले बोंबलून राह्यले, अन मेथी कुठी हाय?"

धडधाकट माणूस अंगावर येताना बघताच कोल्हा तुरीत गडप. बंडूजींनी काठी खाली टेकवली. हे कोल्ह्यासाठी होतं, असं सांगून ते मोकळे होऊ शकले असते. पण सहा वर्षांची सवय. ते म्हणाले, "थांबा बाई, कापून आनतो. तुमची रुचिका कशी हाय?"

रुचिका म्हणजे शकुंतलाबाईंची सासरी गेलेली लेक. तिची कहाणी संपायला चांगला अर्धा तास लागला. तोवर कुत्रीही परतली.

दुसऱ्या दिवशी चार बाया आल्या. "आमाले वाटलं, भोंगा कोन्या लग्नाचा हाय," त्यातली एक म्हणाली. आठवडा भरायच्या आत खुराड्यासमोर रोज संध्याकाळी पंधरा-वीस बाया, थैल्या आणि गलका. कोल्हा दोनदा डोकावला. शकुंतलाबाई सुनेबद्दल बोलत होत्या. तो ऐकून परत गेला, पुन्हा आला नाही. आता नीलेश सांगतो की तो नाल्याकडे उंदीर धरतो.

अंड्यांवर बसल्यापासून एकविसाव्या दिवशी चितरी नऊ पिल्लं घेऊन बाहेर आली. पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि रडल्याही. त्यातलं एक पिल्लू अगदी चितरीसारखं ठिपक्यांचं आहे.

नीलेशने लगेच खुराड्याला जाळी ठोकली. मग शिडी लावून माझ्याकडे आला. "आता याचं काय काम? नाईतर नवीन आवाज तरी भरू. तो खोकला अन चाय काढून टाकतो."

"हात नको लावजो," पंचफुलाबाई खालून म्हणाल्या. "राहू दे तसाच."

म्हणून मी अजून इथेच आहे. तोंडाला थोडा गंज चढलाय, पण घसा ठणठणीत. दिवेलागणीला कधी रोहण्यावरून जाणं झालं तर थैली घेऊन या. मी यादी सांगेन, खोकेन आणि शेवटी चहाचंही सांगेन. तेव्हा खाली बघा. बाजेच्या कडेला कप ठेवलेला असेल आणि बंडूजी कुणाच्या तरी नातवाची चौकशी करत असतील. चहा रोज थंड होतो. पंचफुलाबाई काही न बोलता तो उचलतात आणि पुन्हा गरम करून आणतात. बोलायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय.