तारमास्तरांचे कान

जालन्याच्या तारघरात एकतीस वर्षं काढून वामनराव देऊळगावकर निवृत्त झाले आणि बदनापूरला राहायला आले. स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. त्यातली रस्त्याकडची खोली त्यांनी रिसीव्हरसाठी राखून ठेवली. हा रिसीव्हर म्हणजे साधा घरगुती रेडिओ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी बनवलेलं, काळ्या पत्र्याचं, अकरा व्हॉल्व्हचं, म्हणजे आत दिव्यासारख्या उजळणाऱ्या अकरा काचेच्या नळ्यांचं ते धूड होतं. उचलायला दोन माणसं लागत. बासष्ट साली सिकंदराबादला लष्करी सामानाचा लिलाव झाला, तेव्हा वामनरावांनी तो घेतला आणि पॅसेंजर गाडीत मांडीशी घेऊन आणला. तेव्हापासून त्याची धूळसुद्धा त्यांनी दुसऱ्या कुणाला पुसू दिली नव्हती.

त्यावर गाणी, बातम्या सगळं लागे. पण वामनराव ऐकत ते वेगळं. काही हौशी माणसं सरकारी परवाना काढून आपल्या घरून संदेश पाठवतात आणि दूरदूरच्या तसल्याच हौशी माणसांशी गप्पा मारतात. त्यातले कितीतरी जण अजून तारेच्या भाषेत बोलत, आखूड आणि लांब सुरांच्या भाषेत. ती भाषा वामनरावांच्या हाडात मुरलेली होती. हेडफोन कानाला लावला की कागदाची गरज पडत नसे. स्वतःचा परवाना मात्र त्यांनी कधी काढला नाही.

“मला सांगायचं काही नसतं,” ते म्हणत. “ऐकायचं असतं.”

तारघरात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे भुजंगराव निवृत्त झाल्यावर मुलाकडे हैदराबादला गेले. तिथं त्यांनी परवाना काढला आणि एक ट्रान्समीटर जोडला. रोज सकाळी सात वाजता ते नागपूरच्या काकासाहेबांशी बोलत. काकासाहेब हेही एक जुने तारवाले. वामनराव बदनापुरात बसून दोघांचंही ऐकत आणि दर शनिवारी भुजंगरावांना पोस्टकार्ड टाकत. कुठल्या दिवशी सूर कसा आला, कुठं बुडाला, कुठं खरखर झाली, सगळं तारीखवार. भुजंगराव ती कार्डं जपून ठेवत, कारण आपला आवाज किती दूर आणि कसा पोचतो हे ऐकणारा सांगेल तेव्हाच कळतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी काकासाहेबांचे सूर वामनरावांना दबके वाटले. हवा खराब असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यातही तेच. मग भुजंगरावांचे सूरही मागे मागे सरकायला लागले. डिसेंबर उजाडेपर्यंत वामनराव डोळे मिटून, श्वास धरून ऐकत आणि तरी चार शब्दांतले दोन सुटत.

त्यांनी रिसीव्हरचं झाकण उघडून पाहिलं. अकराच्या अकरा व्हॉल्व्ह आत नीट लाल उजळलेले होते. औरंगाबाद केंद्र लावून पाहिलं तर निवेदिकेचा आवाज पहिल्यासारखाच खोलीभर घुमला. म्हणजे यंत्राला काही झालेलं नव्हतं. मोठे आवाज येत होते आणि बारीक येत नव्हते.

याचा अर्थ वामनरावांना लगेच कळला, कारण त्यांनी तो आधी पाहिला होता. त्यांचे वडील साठीत बहिरे झाले होते. थोरले भाऊ नरहरदादा तर अठ्ठावन्नाव्या वर्षीच. दादांचंही असंच सुरू झालं होतं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग चिमण्या, मग बायकोचं बोलणं. शेवटच्या वर्षांत ते लग्नाकार्यात पंगतीत बसत आणि बाकीचे हसले की हसत. एकदा शेजारी कुणीतरी मयताची बातमी सांगत होतं, तेव्हाही ते हसले होते. चार वर्षांपूर्वी ते वारले, पण त्यांचा तो हसरा, काहीच न कळलेला चेहरा वामनरावांच्या डोळ्यांसमोरून गेला नव्हता.

एकदा मनात शंका शिरल्यावर पुरावे हवे तेवढे मिळत गेले. बसमध्ये कंडक्टर दोनदा “बाबा, तिकीट!” म्हणाला तेव्हा कुठं त्यांचं लक्ष गेलं. बायकोनं, शरयूबाईंनी, स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांना ऐकूच आली नाही आणि त्या हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

“कधीची ओरडून राह्यले मी,” त्या म्हणाल्या.

“लक्ष नव्हतं,” वामनराव म्हणाले. बायकोला सांगितलं तर ती डॉक्टरकडे न्यायची आणि डॉक्टरनं तोंडावर सांगितलं की मग लपवायला जागा उरायची नाही. त्यांनी बोलणंच कमी केलं. शेजारचा कचरू शेतकरी हुरड्याला बोलवायला आला, तर तब्येतीचं कारण सांगून त्याला परत पाठवला. शेतावर दहा-पंधरा माणसं शेकोटीभोवती बोलत बसणार, त्यात आपण कुठं तोंड घेऊन बसायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न.

आणि शनिवारची पोस्टकार्डं मात्र जात राहिली. जे ऐकू आलं नाही ते वामनराव मनानंच लिहायला लागले. सोमवार, सूर चांगला. मंगळवार, सूर खणखणीत. साऱ्या जालन्यात ज्यांच्या कानांची ख्याती होती, वादळात तुटक तुटक आलेली तार ज्यांनी बरोबर जुळवून घेतली होती, ते तारमास्तर आता खोटी तार लिहीत होते. कार्ड पेटीत टाकताना त्यांची मान खाली जाई.

जानेवारीचा दुसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला. सात वाजता ते हेडफोन लावून बसले, तर काकासाहेबांची शब्द न लागणारी पुसट कुरकुर तेवढी येई आणि भुजंगरावांचा एकही सूर आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, शनिवारपर्यंत नाही. सगळं संपलं, असं धरून त्यांनी हेडफोन काढून ठेवला. पण कार्ड लिहिलंच. सहाही दिवस, सूर खणखणीत.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दाराची कडी वाजली. शरयूबाईंनी दार उघडलं तर समोर भुजंगराव. डोक्याला मफलर, खांद्याला पिशवी, रात्रभरच्या गाडीनं चेहरा काळवंडलेला.

“भावजी, तुम्ही? पत्र न्हाई, काही न्हाई!”

“पत्रावर भरवसा न्हाई राह्यला, वहिनी,” भुजंगराव म्हणाले. “कुठाय तो?”

वामनराव बाहेरच्या खोलीत बंद रिसीव्हरसमोर बसलेले होते. भुजंगरावांनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि त्यांच्या मांडीवर टाकलं.

“वाच.”

“काय झालं?”

“माझा ट्रान्समीटर इतवारी जळला, वामन्या. ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. तेव्हापासून बंदच पडलाय. आन् तू लिहितो, सोमवार खणखणीत, मंगळवार खणखणीत! कुणाचा सूर ऐकून राह्यला तू?”

स्वयंपाकघराच्या दारात शरयूबाई उभ्या राहिल्या. वामनरावांनी कार्ड उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग ते खाली बघत म्हणाले, “मला ऐकू येईना झालंय, भुजंग. दिवाळीपासून. दादांसारखं.”

शरयूबाईंनी पदर तोंडाशी नेला. भुजंगराव खुर्ची ओढून बसले. रागानं आले होते, पण राग कुठच्या कुठं गेला.

“डॉक्टरला दाखवलं?”

“न्हाई.”

“मंग कुणी सांगितलं तुला?”

वामनरावांनी रिसीव्हरकडे बोट दाखवलं. “यानं.”

भुजंगरावांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्यांनी मफलर सोडला. सात वाजून गेले होते, पण काकासाहेब रोज साडेसातपर्यंत दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असत. भुजंगरावांनी हेडफोन लावला, काटा जागेवर आणला आणि कान देऊन बसले. काटा थोडा इकडे, थोडा तिकडे. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“कुठाय? मला तर काहीच न्हाई ऐकू येत.”

वामनरावांनी मान वर केली. “तुलाही?”

“अरे, मुंगी चालल्यासारखं कायतरी वाजतंय. घरी माझ्या सेटवर काकासाहेब कान फाडतो.” त्यांनी हेडफोन उतरवला. “इकडे पाठ कर.”

“का?”

“कर म्हणतो ना!”

वामनरावांनी पाठ केली. भुजंगरावांनी मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांच्या कानाजवळ धरलं आणि हळूहळू मागे नेत राहिले. “येतंय?” “येतंय.” “आता?” “येतंय की.” “आता?” “आता न्हाई.” हात दीड फुटावर होता. मग त्यांनी घड्याळ स्वतःच्या कानाला लावून तसंच लांब नेलं. वीतभर गेलं आणि थांबले.

“मला तर इतकंच,” ते ओशाळून म्हणाले. “बहिरा मी हाय, वामन्या. तू न्हाई.”

“आणि मी मारलेल्या हाका?” शरयूबाई पुढे आल्या. “त्या ह्यांना ऐकू येत न्हाईत.”

“कुठून मारता, वहिनी?”

“चुलीपाशी... म्हणजे स्टोव्हपाशी.”

“पेटलेला असतो?”

“असतोच की.” मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. “अगं बाई. तो पेटला की मला सुद्धा बाहेरचं काही येत न्हाई!”

भुजंगरावांनी तोवर रिसीव्हरचं झाकण उघडलं होतं. अकरा व्हॉल्व्ह लाल दिसत होते. एरियलची तार ज्या पहिल्या व्हॉल्व्हला येऊन मिळते, तो त्यांनी रुमालात धरून हलकेच वर ओढला आणि बाहेर काढला. मग पुन्हा हेडफोन लावला.

“ऐक,” ते म्हणाले आणि हेडफोन वामनरावांच्या डोक्यावर ठेवला.

वामनरावांनी ऐकलं. काकासाहेबांचे तेच अंधूक सूर येत होते, आधी येत होते तेवढेच. व्हॉल्व्ह काढला काय आणि ठेवला काय, फरकच पडत नव्हता.

“हा कधीचाच गेला,” भुजंगराव म्हणाले. “वात जळते, म्हणून तू फसला. उजेड देतो, काम करत न्हाई. दूरचं, बारीक जे असतं ते वाढवायचं काम ह्याचं. औरंगाबाद काय, दोन पावलांवर आहे, ते ह्याच्याबिगर दणकून लागणारच.”

वामनराव त्या रुमालातल्या काचेकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. आधी त्यांना वाटलं, आपल्याला हसू येतंय, पण डोळे पाण्यानं भरले होते. एकतीस वर्षं यंत्रांशी काम केलेल्या माणसानं साधं यंत्र तपासलं नाही आणि स्वतःला मोडीत काढलं. दोन-अडीच महिने! शरयूबाई जवळ येऊन बसल्या.

“मला वाटलं, माझ्यावर काही राग हाय,” त्या म्हणाल्या. “बोलणंच सोडलं तुम्ही. मी रोज आठवून बघायचे, काय चुकलं माझं.”

“तुझं काय चुकणार,” वामनराव म्हणाले. “मला सांगायला पाहिजे होतं.”

“पाहिजेच होतं,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

दुपारच्या बसनं दोघं मित्र जालन्याला गेले. वामनराव वाटभर बोलत होते. कंडक्टरशी, शेजारच्या प्रवाशाशी, ज्याच्या मांडीवर कोंबडी होती त्याच्याशीही. तिथल्या ओळखीच्या मच्छिंद्रचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता टीव्ही दुरुस्तीचं झालं होतं. त्यानं आपल्या यंत्रावर तो व्हॉल्व्ह लावून पाहिला. काटा जागचा हलला नाही.

“ह्यात जीव न्हाई, काका.” तो माळ्यावर चढला आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन खाली आला. जुन्या व्हॉल्व्हच्या ढिगात दहा मिनिटं हुडकून त्यानं त्याच नंबरचा एक काढला. काटा सरसर वर चढला. “घेऊन जा. माझ्याकडं पडूनच होता.”

शुक्रवारी सकाळी पावणेसातला दोघंही रिसीव्हरपुढे बसले. आज वामनरावांनी हेडफोन न लावता लाउडस्पीकर जोडला. सात वाजले. आणि नागपूरहून काकासाहेबांचे सूर असे मोकळे, भरदार आले की स्वयंपाकघरातून शरयूबाईंनी विचारलं, “हे काय वाजतंय?”

काकासाहेब भुजंगरावांना हाका मारत होते. भुजंग, आहेस का? बारा दिवस झाले. बरा आहेस ना? थोडं थांबायचे, पुन्हा तेच.

“अरे मी इथं हाय!” भुजंगराव खुर्चीतून अर्धे उठले. “बदनापुरात! बरा हाय मी!”

“ओरडून काय उपयोग,” वामनराव म्हणाले. “त्याला ऐकू येणार न्हाई.” आणि दोघंही इतके हसले की भुजंगरावांना ठसका लागला.

“आज तारेनं कळव त्याला,” वामनराव म्हणाले. “पोस्टात चल माझ्याबरोबर. मीच लिहितो.”

कुंपणापलीकडून कचरूनं विचारलं, “मास्तर, आज सकाळच्या पारी हसून राह्यले? तब्येत बरी झाली म्हणायची!”

“एकदम बरी,” वामनराव मोठ्यानं म्हणाले. “हुरडा उरलाय का रे अजून?”

“उरलाय की. या ना सांजच्याला.”

“दोघं येतो. न्हाई, तिघं,” वामनराव म्हणाले आणि शरयूबाईंना सांगायला आत गेले.