कपाटाला पोळ्याचं आवतन

समाजमंदिरात एआयचं कपाट येऊन बसलं आणि सावळदरीत ढेकर देणं वाईट ठरलं. माणसांनी नव्हे, जनावरांनी. किन्हीराजावरून आत वळलं की हे गाव लागतं. तिथल्या मनकर्णाबाईला ही गोष्ट काही केल्या पचेना. तिच्या सासूच्या काळी दिवस मावळला की गोठ्यात जाऊन बैलाच्या पोटाशी कान लावायचे. रवंथ सुरू आहे, मधूनच एखादा भरगच्च ढेकर येतो आहे, हे ऐकून मगच घरात ताटं मांडायची. ज्या दिवशी बैलानं ढेकर दिला नाही, त्या दिवशी सासऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि आता पोरं सांगत होती की गुरांच्या ढेकरातून वायू निघतो, त्यानं आभाळ तापतं, पाऊस बिघडतो. हे थांबवायला शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं कपाट धाडलं होतं.

कपाट माणसापेक्षा उंच, काळं, लोखंडी. गावातल्या एकूणएक जनावराच्या गळ्यात एकेक पट्टा बांधला होता. पट्टा ढेकर ऐकायचा, अंगाची ऊब आणि प्यालेलं पाणी जोखायचा आणि कपाटाला कळवायचा. कपाट त्यावर विचार करायचं. विचार करून करून ते असं तापायचं की त्याच्यासाठी आधी दोन कूलर आणले, मग आणखी दोन. टँकर आला की पहिलं पाणी कूलरला, उरलं तर माणसांना. लाइनीचा भरवसा नाही म्हणून बाहेर डिझेलचं जनरेटर अहोरात्र धडधडायचं. त्या आवाजात गावाला ओरडून बोलायची सवय लागली. मंदिराच्या मागच्या भिंतीतून गरम वारा सुटायचा. तिथला कडुनिंब पार बोडका झाला. भर आषाढात, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, त्या भिंतीला टेकवलेल्या सुपात मुंगवड्या खडखडीत वाळलेल्या मनकर्णाबाईनं जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आत पृथ्वी थंड करण्याचं काम चाललं होतं, आणि कामात कोण तापत नाही?

कपाटाची देखभाल पवनकडं होती. पवन म्हणजे मनकर्णाबाईच्या दिराचा मुलगा. वाशिमला कॉम्प्युटर शिकून आलेला, कंपनीची टोपी घालून हिंडणारा. श्रावण सरत आला तसं कपाटानं समाजमंदिरावरच्या भोंग्यावरून जाहीर केलं की गावात सर्वाधिक ढेकर, म्हणून सर्वाधिक उष्णता देणारे जनावर बाशिंग्या आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे सन्मानपूर्वक स्थलांतर होईल आणि मग सावळदरीला 'थंड गाव' हा किताब व सिमेंटचा रस्ता मिळेल.

बाशिंग्या मनकर्णाबाईचा बैल. कपाळावर बाशिंग बांधल्यासारखा पांढरा पट्टा. तिच्याच गोठ्यात जन्मला, तिच्या हातची भाकर खाऊन वाढला, आणि वखर ओढून म्हातारा झाला. गावात ट्रॅक्टर आले तशा बैलजोड्या गेल्या. एके काळी पोळ्याला ज्या तोरणाखाली जागेसाठी भांडणं व्हायची, तिथं आता मोजकी जनावरं उभी राहत. बाशिंग्याला मात्र तिनं विकू दिलं नव्हतं.

ती पवनकडं गेली. कुठं नेणार, एवढंच तिनं विचारलं.

"तिकडं थंड असते, काकू," पवन म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघू लागला.

"थंड म्हंजे कुठं?"

"कंपनीले माहीत."

तो मान वर करीना, तेव्हा तिला समजायचं ते समजलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला, पुंजाजीला सांगितलं. पुंजाजी खाटेवर आडवा होता. तो म्हणाला, "तू बी जाय मंग त्याच्या संग. तुया घोरण्यानं आभाळ काय कमी तापून राह्यलं?" पण त्यानं तोंड भिंतीकडं केलं आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

तिनं उपाय सुरू केले. बाशिंग्याला ओवा चारला, हिंग चारला, काळं मीठ चाटवलं. बैलाची भूक खुलली आणि ढेकर दुप्पट झाले. भोंग्यावरून कपाटानं तिचं जाहीर कौतुक केलं, की बाशिंग्याचा ढेकर हल्ली फार स्पष्ट ऐकू येतो.

मग पुंजाजीनं पट्टाच काढून खुंट्याला बांधला. खुंटा काही ढेकर देईना. तासाभरात कपाटानं बाशिंग्या वारल्याचं ठरवलं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर दुःखद निधनाचा निरोप धाडला, नातेवाइकांसकट. माणसं भेटायला येऊ लागली. धनजहून मनकर्णाबाईची नणंद रुपाबाई एसटीनं आली, ती फाट्यापासूनच गळा काढत. गोठ्यात बाशिंग्या कडबा खात उभा होता. रुपाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, पण एवढ्या लांबून येऊन रडणं अर्धवट सोडणं तिच्या जिवावर आलं. पुरतं रडून घेऊन मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "मेला नाई तं बोलावलं काहून?" पट्टा पुन्हा बैलाच्या गळ्यात गेला. रुपाबाई दोन दिवस राहून, गूळ-शेंगदाणे घेऊन परतली.

पोळ्याचा आदला दिवस आला. त्या दिवशी बैलाच्या जुवानं घासलेल्या खांद्याला हळद-तूप लावतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि कानाशी वाकून म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा आवतन दिलं की तो पाहुणा. मनकर्णाबाईनं बाशिंग्याचे खांदे मळले, कानात आवतन सांगितलं आणि हळदीची वाटी तशीच हातात घेऊन ती समाजमंदिरात गेली. पवन जेवायला गेला होता. ती कपाटासमोर फतकल मारून बसली.

"बावा, माया बैल राहू दे," ती म्हणाली. "आता त्याचं उरलंच किती."

"आजी, मी आपल्या भावना समजू शकतो," कपाट मऊ आवाजात म्हणालं. "परंतु पृथ्वी तापत आहे. सर्वाधिक उष्णता देणाऱ्या जनावराला जावेच लागेल. नियम सर्वांना सारखा आहे."

"तू खोटं नाई बोलत?"

"मला ते जमत नाही."

तिनं वाटी उचलली. उठताना तिनं आधाराला कपाटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दुपारभर वखराला जुंपलेल्या बैलाचा खांदा असा लागतो, हे तिच्या हाताला आपोआप आठवलं.

"कायच्यानं तापून राह्यला रे इतका?"

"मी पृथ्वी थंड करण्याचा विचार करत आहे."

"इचारानं एवढं तापते?"

"विचार मोठा आहे, आजी."

रात्रंदिवस राबतो आहे आणि याच्या अंगावरून कुणी साधा हात फिरवलेला नाही. तिला राहवलं नाही. वाटीत हळद-तूप उरलं होतं, तिनं कपाटाचे दोन्ही खांदे मळले आणि जाळीशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मग तिला आठवलं की गळ्यात पट्टा नसलेलं जनावर पोळ्यात आणायचं नाही असा कंपनीचा हुकूम आहे. पाहुण्याला कुणी दारातून परत धाडलं तर शोभा होईल. खुंटीवर जादाचे पट्टे टांगलेले होते. त्यातला एक तिनं कपाटाला बांधला आणि घरी गेली.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच भोंगा कडाडला.

"गावात नवीन जनावर आढळले आहे. शिंगे नाहीत. शेपूट नाही. ते बसत नाही, रवंथ करत नाही. सर्व गुरांनी मिळून प्यावे त्याहून जास्त पाणी पिते. साऱ्या तालुक्याच्या गुरांइतकी त्याची उष्णता आहे. नागरिकांनी सावध राहावे."

एकच पळापळ झाली. बायांनी लेकरं घरात कोंडली. सरपंच इंद्रभान काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं जमवून तुरीच्या वावरात शिरला. तिथं काही सापडेना, तसं कपाट त्या जनावराचा अधिकच विचार करू लागलं. विचारानं अधिक तापलं. दर थोड्या वेळानं भोंगा सांगायचा की जनावर आणखी माजले आहे. पवननं पाचवा कूलर लावला, तर भोंगा म्हणाला, जनावराची तहान वाढली आहे.

या गडबडीत मनकर्णाबाई नैवेद्याचं ताट घेऊन समाजमंदिरात शिरली. आवतन दिलेल्याला वाढायला नको? पुरणपोळी, कढी, वडे. घाबरलेली माणसं तिला थांबवायला मागोमाग आत आली आणि सगळ्यांनी कपाटाच्या गळ्यातला पट्टा पाहिला.

पवन झेपावला.

"पट्टा काढल्यास जनावर मृत समजले जाईल," कपाट म्हणालं. "सर्व नातेवाइकांना कळवण्यात येईल."

पुंजाजीनं पुतण्याचं मनगट धरलं. "राहू दे बाप्पा. रुपा पुन्ना येईन."

कपाट विचार करू लागलं. ताटातल्या पुरणपोळीवरचं तूप त्याच्या उबेनं पातळ होऊन कडेला वाहू लागलं.

"माहिती तपासली," शेवटी ते म्हणालं. "बरोबर आहे. ते जनावर मी आहे. उद्या माझे स्थलांतर होईल. गाडीस कळवले आहे."

इंद्रभाननं काठी खाली ठेवली. "अन् रस्ता? तो भेटते का मंग?"

"मिळेल. सर्वाधिक उष्णता देणारे जनावर गावातून जात आहे."

"मंग काई हरकत नाई."

पोळा मग कपाटाच्या मानानंच भरला. एका ट्रॉलीवर कपाट, मागच्या ट्रॉलीवर जनरेटर, दोहोंमध्ये वायर. कुणी त्याला बेगड चिकटवली, कुणी गेरूचे ठिपके काढले. तोरणाखाली झडत्यांची कवनं झाली, त्यातली निम्मी त्याच्यावरच रचली होती, आणि म्हातारी माणसं म्हणाली की इतकी गर्दी जुन्या पोळ्यानंतर आजच पाहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. दोन माणसं उतरली. बरोबर दोर, पेंडी, पाण्याची बादली. पवननं कपाट दाखवलं, तसा ड्रायव्हर वैतागला. त्याच्या मोबाइलवर एक जनावर न्यायचं असं आलं होतं आणि हे कपाट होतं. त्याची नजर समोरच मनकर्णाबाईच्या ओसरीपुढं बांधलेल्या बाशिंग्यावर गेली. हाच असणार, असं म्हणून त्यानं दावं सोडायला घेतलं. मनकर्णाबाई बैलाच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. पुंजाजी खाटेवरून उठून आला आणि दाव्याचं दुसरं टोक ओढू लागला. पवन मध्ये पडला, पण त्याचं ड्रायव्हर ऐकेना. वरून आलेला हुकूम आपण मोडत नाही, असं तो म्हणाला.

"थांबा," ट्रॉलीवरून कपाट म्हणालं. "आपण चुकीचे जनावर नेत आहात. तो दुसऱ्या क्रमांकावर आहे."

ड्रायव्हरनं विचारलं, "हे कोण बोलून राह्यलं?"

"पहिला क्रमांक," कपाट म्हणालं.

हुकूम धाडणारा हाच, असं पवननं सांगितल्यावर ड्रायव्हरनं दावं टाकलं. नियमात दोर होता म्हणून कपाटाला दोर बांधून फोटो काढला, पुढ्यात पेंडीही ठेवली. पवननं टोपी काढून खिशात कोंबली आणि वायर उपसली. मऊ आवाज मध्येच तुटला. कुणीतरी जाऊन जनरेटर बंद केलं, आणि कपाट गाडीत चढवून ती माणसं किन्हीराजाच्या दिशेनं निघून गेली.

गाव जागच्या जागी उभं होतं. कान बसल्यासारखं वाटत होतं. पारावर दोन माणसं अजून एकमेकांशी ओरडूनच बोलत होती आणि आपल्याच आवाजानं दचकत होती.

मनकर्णाबाईनं बाशिंग्याला पुन्हा गोठ्यात बांधलं. तो पाय दुमडून बसला. तिनं त्याच्या पोटाशी कान लावला.

"ओ बुढे," ओसरीवरून पुंजाजीनं सवयीनं बोंब मारली, "च्या टाकतं का?"

"हळू बोला ना," ती म्हणाली. "त्याचा आत्ताच डोळा लागला."