पहिली चौकट

आमच्या वंशावळ मंडळाच्या संकेतस्थळावर 'नवीन काय' नावाचं एक पान आहे. त्या पानावर येणारी माणसं बहुधा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी गेलेली असतात. पान मी सांभाळतो. मंडळाचे सभासद सतरा. त्यांतल्या पंधरांना पासवर्ड लक्षात राहत नाही आणि सोळाव्यांची मान दुखते, म्हणून मी तांत्रिक प्रमुख. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसून जुन्या नोंदवह्या स्कॅन करायच्या, शाळांचे हजेरीपट चढवायचे, कुणाच्या पणजोबांची दोन लग्नं निघालीच तर पणतवंडांची समजूत काढायची, असं ते काम.

जिवंत माणसाचं नाव दाखवायचं नाही, हा नियम मीच ठराव करून मंजूर करून घेतला होता. खाजगी माहिती. वंशवृक्षात त्याच्या जागी एक राखाडी चौकट येते आणि आत एवढंच लिहिलेलं असतं, 'हयात'. माणूस गेला की घरच्यांनी कळवायचं, मग चौकटीत नाव येतं. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. आमच्याकडे नावही दिसत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या आत्येबहिणीचा निरोप संकेतस्थळावरून आला. आई जाऊन पाच आठवडे झाले, तुमच्याकडे ती अजून हयात दिसते, तेवढा बदल कर, असं तिनं लिहिलं होतं.

मी तो तीनदा वाचला. आत्या गेली हे मला तेव्हा कळलं. आणि आमच्या वंशवृक्षात आत्याची चौकट कधी नव्हतीच.

आत्यानं ठरलेलं लग्न मोडून एका फोटोग्राफरशी लग्न केलं, त्याला साठ वर्षं झाली. तेव्हापासून बाबांनी तिचं नाव घेतलं नाही. काका बाबांच्या शब्दाबाहेर नाहीत, त्यामुळे त्यांनीही नाही. संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा नमुना म्हणून माझ्याच घराण्याचा वृक्ष चढवायचं ठरलं. प्रत्येक नोंदीच्या अर्जावर घरातल्या ज्येष्ठाची सही लागते. आत्याचा अर्ज बाबांपुढे ठेवायची माझी छाती झाली नाही. मी दोनच चौकटी केल्या, पहिली बाबांची, दुसरी काकांची. सध्यापुरतं, असं स्वतःला सांगितलं. मी बत्तीस वर्षं कचेरीत काढली आहेत. सध्यापुरतं म्हणजे किती, हे मला वेगळं शिकवायला नको होतं.

तीन वर्षांपूर्वी आत्याचा फोन आला. लेकीनं तिला पान उघडून दिलं होतं. आजोबा सापडले, आजी सापडली, त्यांच्या लग्नाचं साल चुकलंय तेही सापडलं. मग म्हणाली, "अरे, पण मी कुठाय?"

मी नियम सांगितला. नियम सांगायला मला कधीच जड जात नाही.

"म्हणजे मी आहे, पण झाकलेली."

"हो आत्या."

"चौकटी तर दोनच दिसतात. भावंडं आम्ही तीन."

काकांनी अजून अर्जच भरला नाही, असं मी म्हणालो. ती हसली. तो शाळेचा अभ्यासही शेजारच्या मुलाकडून करून घ्यायचा, म्हणाली. मग पहिली चौकट तिचीच ना, असं विचारलं. तू थोरली, म्हणजे पहिली तुझीच, असं मी म्हणालो. एक खोटं बोललं की पुढची आपण होऊन रांगेत उभी राहतात.

मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या बापानं सही केली?"

"केली."

 ती म्हणाली, "बास झालं. फोन कर वगैरे सांगू नकोस हं त्याला. त्याला जमायचं नाही. सही केली ना."

तीन वर्षांत बाबा आणि आत्या, दोघांपैकी कुणी कुणाला फोन केला नाही.

मंगळवारी मी कोरा अर्ज घेऊन बाबांकडे गेलो. आत्या गेल्याचं सांगितलं, मग फोनचं सगळं सांगितलं. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी चष्मा मागितला आणि अर्ज वाचला, मागच्या बाजूच्या सूचनांसकट. त्या मीच लिहिल्या आहेत. आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. जन्मतारीख मला विचारायची होती, ती त्यांनी न थांबता लिहिली. सही केली.

"हा तेव्हा का नाही आणलास?"

"तुम्ही सही केली नसती."

"विचारलं होतंस?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

त्यांनी अर्ज चार घड्या घालून दिला. आम्ही स्कॅन करायचे कागद घडी न घालता घेतो, पण हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती.

शनिवारी मी नोंद चढवली. राखाडी चौकट, राखाडी चौकट आणि शेजारी आत्याचं पूर्ण नाव. तिघा भावंडांत आता तेवढी एकच वाचता येत होती.

संध्याकाळी आत्येबहिणीचा फोन आला. "दादा, चौकटी दोन होत्या. आता तीन झाल्या."

मी सगळं सांगितलं.

"आई येईल त्याला ते पान उघडून दाखवायची," ती म्हणाली. "पहिल्या चौकटीवर बोट ठेवायची. ही मी. माझ्या भावानं घातलंय म्हणायची."

"ती बाबांची चौकट होती."

"मामांनी सही कधी केली?"

"या मंगळवारी."

"बरं." मग तिनं विचारलं, "आणि आता शेवटी का टाकलीस तिला? थोरली होती ती."

नवी नोंद आपोआप शेवटी जाते, क्रम बदलायचा तर वेगळा अर्ज लागतो आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, असं मी सांगू लागलो. अर्ध्यावर पोचलो तेव्हा लक्षात आलं, फोन कधीच ठेवलेला होता.

मी पान पुन्हा उघडलं. चौकट माऊसनं धरली आणि ओढून बाबांच्या डावीकडे ठेवली. संगणकानं सही मागितली नाही. बदल जतन करायचा का, एवढंच विचारलं. मी 'हो' दाबलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.