उतारावरचं फुकट डिझेल

“आवो, उताराला गाडी न्यूट्रल नका करू. माझा भाऊ गॅरेजात हाय, त्यो सांगत हुता.”

बेलापूरच्या आपल्या दारात नवऱ्याच्या हाती डबा देताना रेबेका असं म्हणाली, तेव्हा मी समोरच उभी होते. तिचा नवरा फिलिप हा माझा ड्रायव्हर. तो हसला. “अगं, उतार म्हंजी देवानं फुकट दिलेलं डिझेल. ते का सांडायचं?” मलाही ते पटलं. बायकांना काळजी करायची सवयच असते, असं म्हणून मी तिचं बोलणं वाऱ्यावर सोडून दिलं.

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. पण ड्रायव्हर लोक आम्हाला ‘गाडी’च म्हणतात, म्हणून मी स्वतःला बाई समजत आले. कारखान्यातून निघाले तेव्हा मी नुसता सांगाडा होते. कोपरगावच्या एका मिस्त्रीने मला केबिन बांधली, लाकडी फळ्या ठोकल्या. पेंटरने मागे मोर काढला, पण त्याची मान आखूड झाली. माझे मालक, कोल्हारचे कारभारीनाना, त्याला सरळ कोंबडा म्हणायचे. मला फार राग यायचा!

साखरेची पोती घेऊन आम्ही मनमाड, नगर, बीड असे फिरायचो. फिलिपचा पाय लोण्यासारखा. तो काटा पन्नासच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. त्याहून जोरात पळालं की डिझेल पाण्यासारखं जातं, हे त्याला माझ्या नुसत्या आवाजावरून कळायचं. नानांच्याच दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर बजरंग भरधाव पुढे जाताना ओरडायचा, “ओ पाद्रीबाबा, वरात हाय का काय?” फिलिप खिडकीतून उत्तर द्यायचा, “व्हय, तुझीच! घोड्यावरनं पडू नको म्हंजी झालं.”

नानांकडे एक रीत होती. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन ओळीने उभ्या करायच्या. वर्षभरात जिने सगळ्यात चांगलं ॲव्हरेज दिलं, म्हणजे लिटरभर डिझेलमध्ये सगळ्यात लांब पल्ला मारला, तिच्या ड्रायव्हरने पहिला नारळ फोडायचा. तो मान बरीच वर्षं फिलिपकडे होता. मनात आपली प्रार्थना म्हणून तो नारळ फोडायचा आणि नानांच्या म्हाताऱ्या आई, आक्काबाई, त्याच्याच हातून मला हार घालायला लावायच्या. मित्रांनो, काय दिवस होते ते! हार सुकला तरी तो काढायचं माझ्या जिवावर यायचं.

मग एका वर्षी बजरंगही हळू चालवायला शिकला. दसरा तोंडावर आला आणि त्याची गाडी ॲव्हरेजमध्ये माझ्या बरोबरीला आली. फिलिपचं जेवणात लक्ष लागेना. पूर्वी तो छोट्या उतारांवर मला गिअर काढून न्यूट्रलमध्ये सोडायचा. त्या दुपारी करंजी घाटात, पोती गच्च भरलेली असताना, त्याने न्यूट्रल केलं आणि वर इंजिनही बंद केलं.

सुरुवातीला किती छान वाटलं! आवाज नाही, धूर नाही, नुसता वारा. पण माझे ब्रेक हवेवर चालतात, ती हवा इंजिन भरतं आणि इंजिन तर झोपलेलं. फिलिपने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. दर वेळी हवा कमी होत गेली. वळण समोर आलं. त्याने इंजिन चालू केलं, पण एवढ्या वेगात गिअर पडेना. पुढे एक भरलेली जीप होती.

“येशू, सांभाळ!” एवढंच तो बोलला आणि त्याने मला डोंगराच्या कडेला घासत नेलं. माझी डावी बाजू चेपली, पोती फुटून रस्ताभर साखर झाली. आम्ही थांबलो. जीपमधल्यांना ओरखडाही आला नाही. मागून आलेल्या बजरंगनेच फिलिपला बाहेर ओढून काढलं. “पाद्रीबाबा, डोळं उघड! नारळ तूच फोड, पर डोळं उघड,” असं म्हणत तो रडत होता.

फिलिप वाचला, पण त्याचा डावा पाय आखडला. त्या दसऱ्याला बजरंगने नारळाला हात लावला नाही. आक्काबाईंनी फोडला. गॅरेजातला मेहुणा भेटायला आला तेव्हा त्याने सांगितलं, “दाजी, गिअरात ठिवून नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला असता तरी डिझेल लागलं नसतं. उतारच इंजिन फिरवतो की.” ज्या बचतीसाठी जीव टांगला, ती बचत नव्हतीच.

आता मी नानांच्या आवारात चिंचेखाली उभी असते. नव्या गाड्यांनी किती डिझेल प्यायचं याचे नियम झालेत, त्यांना ऐंशीच्या पुढे पळू न देणारं यंत्र असतं. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण मित्रांनो, ते यंत्र इंजिनाला आवरतं. न्यूट्रलमध्ये डोंगरावरून सुटलेल्या ओझ्याला ते कसं आवरणार?

हे आज सांगायचं कारण आहे. दर रविवारी चर्चमधून येताना फिलिप माझ्या केबिनमध्ये येऊन बसायचा. गेल्या वेळी आला तो नवा शर्ट घालून. “नानांनी नव्या गाडीवर बोलावलंय,” माझं स्टिअरिंग कुरवाळत तो म्हणाला. “पाय आता चालतोय. ॲव्हरेज मोबाईलवर दिसतं म्हनं. दावतो पोरांना.” त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती. मी भ्याले. हॉर्न वाजवावा म्हटलं, तर बॅटरी केव्हाच काढून नेलेली. त्यानंतर तो आलेला नाही.

गाडीचे टायर, ऑइल सगळे बघतात, मित्रांनो. चालवणाऱ्याकडे कोण बघतं? तुमचं कधी नगरहून पाथर्डीकडे जाणं झालं, तर घाट उतरण्याआधी चहाच्या टपरीपाशी जरा थांबा. डावा पाय ओढत चालणारा, हसऱ्या तोंडाचा ड्रायव्हर दिसला तर तो फिलिप. त्याला चहा पाजा, घरचं विचारा, त्याच्याशी थोडं बोलत बसा. आणि तो निघाला की गाडी गिअरमध्ये उतरते आहे का, तेवढं माझ्यासाठी कान देऊन ऐका.