साच्यावर मी घट्ट बसते

“बाबांचे डोळे गेले, आई. आता मान्य करायला हवं. पुढच्या महिन्यापासून कॅपा बाहेरून करून आणतो.”

हे मी स्टीलच्या ट्रेमध्ये आडवी पडून ऐकलं. दवाखान्यात आपण दोघंच आहोत असं डॉक्टरांना आणि त्यांच्या आईला वाटत होतं. पण पडद्यामागे डॉक्टरांची नवी बायको उकळून काढलेल्या चिमट्यांचा डबा घेऊन उभी होती. चिमटे किणकिणले, म्हणून मला कळलं. डोळे कुणाचेही गेलेले नाहीत, हे त्या घरात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

हो, मीच बोलतेय. मी एक कॅप. खालच्या उजव्या दाढेवर बसवायची, आतून धातूची, वरून चिनीमातीची. रंगाने किंचित पिवळट, कारण खरे दात तसेच असतात. पांढरेशुभ्र दात फक्त जाहिरातीत.

माझी गाठ बांधली होती एका गाभ्याशी. दाढ किडून अर्धी गेली आणि नस काढून टाकली, की डॉक्टर उरलेल्या खुंटात बारीक खांब रोवतात आणि त्यावर मसाला भरून एक बुटका बुरूज उभा करतात. त्याला कोअर म्हणतात. दिसायला काही नाही, पण माझा सगळा भार त्याच्यावर. त्याला ओल लागू न देणं हे माझं काम. लग्नासारखंच म्हणा ना. एकमेकांना धड पाहिलेलं नसतं, मापं तेवढी घेतलेली असतात.

त्या घरात पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत ‘कारखाना’, आणि वरच्या मजल्यावर संसार. कारखाना म्हणजे डॉक्टरांच्या वडलांचं टेबल, एक छोटी भट्टी आणि प्लास्टरची धूळ. चाळीस वर्षं ते तिथे बसून कॅपा घडवत होते. सून आल्यावर त्यांनी तिला हाताशी घेतलं. तिला ते काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

“दातांच्या घरात आली आणि तोंड उघडायला तयार नाही!” सासूबाई म्हणायच्या.

“राहू दे गं. तोंड उघडून बसणारे आपल्याकडे रोज वीस येतात,” सासरे म्हणायचे.

तेव्हा ती हसायची. तेही ओठ मिटून.

आता माझ्या जन्माआधीची गोष्ट. कोअरचं माप घेऊन त्यात प्लास्टर ओतलं, की साचा तयार होतो. साचा म्हणजे त्या बुरुजाची हुबेहूब प्रत. त्याच्यावरच मेणाने मला घडवायचं असतं. एका सकाळी तिने तो साचा पुसायला उचलला आणि तो तिच्या हातून निसटला. साचा वाचला, पण कडेचा तांदळाएवढा टवका उडाला.

सासरे वर चहाला गेले होते. नवा साचा करायचा तर माप परत घ्यायला हवं. माप घ्यायचं तर पेशंटला परत बोलवायला हवं. आणि बोलवायचं तर आधी सांगायला हवं. तिने टवका शोधला, चिकटवला. केसभर बाहेर बसला. सिमेंटपुरती जागा राहावी म्हणून साच्यावर लाल रंगाचा हात देतात, ते तिचंच काम होतं. तो तिने सांध्यावरून जरा जाडच दिला.

“आज रंग खुल्या हाताने लावलाय,” सासरे खाली येऊन हसले आणि भिंग लावून कामाला बसले.

त्यांनी मला त्या साच्यावर इतकं नेटकं घडवलं की मधून ब्लेडची धारही गेली नसती. पण मी ज्याच्या मापाची झाले तो कोअर नव्हता. तो एक चिकटवलेला टवका होता. माझ्या आतल्या अंगाला त्या सांध्याची बारीक रेघ अजून आहे. जन्मखूणच ती.

माझे पेशंट होते घड्याळं दुरुस्त करणारे काका. एरवी कॅप बसवताना डॉक्टर टोकदार सळी कडेने फिरवून बघतात, कुठे अडते का. त्या दिवशी त्यांनी सळी उचलली आणि परत ठेवली. “बाबांच्या हातचं आहे, काका. तपासायचं काय?” म्हणत सिमेंट भरलं आणि मला दाबून बसवलं. पडद्याशी उभ्या असलेल्या सुनेने सळीकडे पाहिलं. मग तिने पडदा ओढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी कोअर म्हणाला, “इकडून ओल येतेय का गं?”

“नवीन घर आहे, होईल सवय,” मी म्हणाले.

हे मी तिच्याकडूनच शिकले असणार. तीही फोनवर तिच्या आईला असंच सांगायची. तिचं बहुतेक खरं असायचं. माझं नव्हतं.

फटीत रोज काही ना काही अडकू लागलं. काका काडीने टोकरत राहिले. हिरडी सुजली. नस काढलेली दाढ, ठणकून ओरडणार कोण? आतल्या आत सिमेंट विरघळत गेलं आणि कोअर पोखरला गेला. एकदाच म्हणाला, “तू आहेस ना वर?” मी हो म्हणाले. चौथ्या महिन्यात काकांनी पावाचा कडक तुकडा चावला आणि मी त्यांच्या जिभेवर आले.

घड्याळाचे भाग गुंडाळायच्या कागदात त्यांनी मला दवाखान्यात आणलं. “डॉक्टर, घड्याळात एवढी फट असती ना, तर आज वार कोणता ते लोकांना विचारत बसावं लागलं असतं! तुमच्या वडलांनी केलेल्या दोन कॅपा बारा वर्षं जागच्या हलल्या नाहीत. मग हिलाच काय झालं?”

डॉक्टरांनी आत पाहिलं. माझा कोअर तपकिरी, मऊ झाला होता. त्यांनी तो खरवडून काढला. मी ट्रेमधून सगळं पाहत होते. त्यानंतरच त्यांनी आईला बाबांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं.

संध्याकाळी वडलांनाही सांगितलं, अगदी हळुवारपणे. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला दिव्याखाली धरलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मग बायकोचा घालून पाहिला.

“सूनबाई, हिचा साचा आण गं. त्याच्यावर बसवून बघतो.”

“सापडत नाही, बाबा.”

साचा तिच्या बटणांच्या डब्यात होता. टाकून द्यायचा तिला धीर झाला नव्हता, आणि दाखवायचाही.

“जाऊ दे. साचा काय सांगणार? फट मला दिसायला हवी होती.”

पुढचे आठ दिवस ते कुणाचं लक्ष नाहीसं बघून सुईत दोरा ओवायचे. एरवी जमायचं तेही घाबरल्याने जमेनासं झालं. पेपर कधी जवळ धरायचे, कधी लांब. मी त्यांच्या टेबलावरच्या डबीत होते. तीही तिथेच प्लास्टर कालवत असायची. दोघींनी मिळून एका माणसाला आंधळं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी मेण कोरायची सुरी पुसली. मूठ दोऱ्याने गुंडाळलेली, अंगठ्याच्या जागी झिजलेली. ती त्यांनी तिच्यापुढे ठेवली. “घे. तुझी नजर तरुण आहे. मी आता पेपर वाचतो. तोही मथळेच.”

तिने सुरी घेतली. हात मागे घ्यायचं तिला सुचलं नाही.

दुपारी चौघंही चहाला बसली होती. ती उठून गेली आणि बटणांचा डबा व माझी डबी घेऊन आली. साचा काढून टेबलावर ठेवला. माझी डबी उघडली आणि मला उचलून साच्यावर बसवलं. टक्क आवाज झाला.

सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं. कडेने नख फिरवलं. कुठेही अडलं नाही. पुन्हा फिरवलं. मग मला काढून साच्याची कड दिव्याकडे धरली आणि लाल रंगाखालच्या सांध्यावर त्यांचं बोट थांबलं. तेव्हा ताज्या रंगाने झाकलेला इतका बारीक सांधा आता शोधताना त्यांना लगेच दिसला. डॉक्टरांचा कप हातातच राहिला.

“हा कुठे होता?” सासऱ्यांनी विचारलं.

आज मी कारखान्याच्या फळीवर त्याच साच्यावर बसून आहे. काकांच्या तोंडात नव्या कोअरवर माझी धाकटी बहीण आहे, आणि ती ज्यांनी घडवली ते समोरच्या टेबलापाशी अजून भिंग लावून बसतात. माझ्या कोअरची माफी मागायला मला तोंड नाही. तुम्हाला एवढंच सांगते, तुमच्या दाढेवर माझी एखादी बहीण असेल आणि तिच्या कडेला रोज काही अडकत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणू नका. जा आणि दाखवा.

तिनेही त्या दुपारी उशिरा का होईना, दाखवलं. सासूबाई “अगं, बोल तरी!” म्हणाल्या, आणि ती बोलली.

“माझ्या डब्यात होता, बाबा. माझ्याच हातून पडला, टवका मीच चिकटवला, आणि सापडत नाही म्हणाले तेही खोटंच. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. काकांना मी स्वतः सांगेन. मला हवं तेवढं रागवा, पण ही सुरी परत घ्या.”