कोरफडीच्या मुंग्या

जन्मभर रातपाळी केलेल्या हिरामणचे कान कापडाच्या लूमच्या खडखडाटानं गेले, तेव्हा तो काम सोडून भिवंडीजवळच्या कोन गावात घरी बसला. बायकोची गच्चीवरची बाग त्यानं नीट पाहिली ती तेव्हाच. कोरफड, पानफुटी, निवडुंग, गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेली जाडजूड झाडं. सगळी तेलाच्या डब्यांत नि फुटक्या माठांत. तो दिवसा झोपलेला असताना पार्वतीनं ती आवाज न करता वाढवली होती.

बागेला मुंग्या लागल्या होत्या. हिरामणला वाटलं, चला, आपल्याला ड्युटी मिळाली. पार्वती भिवंडीला बाजारात गेली, तसं त्यानं उकळतं पाणी मुंग्यांच्या बिळात, म्हणजे थेट डब्यातच ओतलं. ती परत आली तेव्हा तिच्या आईनं दिघाशीच्या माहेरून दिलेली कोरफड शिजून लिबलिबीत झाली होती.

पार्वती ओरडली नाही. नुसती तो डबा पोटाशी धरून बसली. हिरामणनं ताटातली भाकरी तशीच ठेवली.

सकाळी ती गच्चीवर गेली. तो मागोमाग जाऊन, पाळीला उशीर झाल्यावर मुकादमापुढं राहावं तसा उभा राहिला. पार्वतीनं हाताला धरून त्याला खाली बसवलं. एका झाडाच्या बेचक्यात कापसासारखं काही चिकटलं होतं, भोवती मुंग्याच मुंग्या.

"मुंग्या झाड खात न्हायत," ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "ही पांढरी कीड रस पिते, तिला गोड पाणी सुटतं. त्याच्यासाठी येतात. कीड पुसली का जातील."

साबणाच्या पाण्यात बुडवून तिनं त्याचाच जुना दाढीचा ब्रश त्याच्या हातात दिला. तुटके धागे जोडून तयार झालेली त्याची बोटं एकही पान न मोडता बेचक्यांतून फिरू लागली.

थोड्या वेळानं ती पुन्हा कानाशी वाकली. "पाळीवरनं यायचात तवा डोक्यात असाच कापूस असायचा तुमच्या. झोप लागली का मी येचायची."

"जागाच असायचो मी," हिरामण म्हणाला.

"मग बोलला का न्हाय कधी?"

"बोललो असतो तर तू हात थांबवला असतास."

पार्वतीनं मान फिरवली आणि पदरानं तोंड पुसलं.

मुंग्या हटता हटता दिवाळी उजाडली. तोवर दोघांचा सकाळचा चहा गच्चीवरच होऊ लागला होता. मुंग्या गेल्या, तरी चहा काही खाली आला नाही.