नऊ इंची अक्षरं

‘ज्याने आपला दिवस जिंकला, त्याने जग जिंकलं.’

हे वाक्य पेंटरने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, निळ्या अक्षरांत, पिवळी सावली देऊन. वेळेच्या नियोजनाचे वर्ग घेणाऱ्या एका मास्तरांची ती पाटी होती आणि पेंटरने ती त्यांना सतरा दिवस उशिरा पोचवली होती. मास्तरांनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली, ‘सुंदर’ म्हणाले आणि पुढच्याच वर्गात पेंटरचं उदाहरण दिलं. कशाचं उदाहरण, ते पेंटरने विचारलं नाही. चार लोकांत नाव निघालं, एवढं त्याला पुरलं.

पेंटर आळशी होता असं मात्र कोणी म्हणू नये. सकाळी सातला त्याच्या हातात ब्रश असे आणि दिवे लागले तरी तो सुटत नसे. फक्त तो ब्रश कोणाच्या पाटीवर चाललाय, हे शेवटी आलेल्या गिऱ्हाइकावर अवलंबून असे. जो समोर उभा राहून घसा खाकरेल, त्याचं काम पहिलं. घरची माणसं घसा खाकरत नाहीत, त्यामुळे त्यांची कामं भिंतीला टेकून उभी राहत.

लेक डोळ्यांची डॉक्टर झाली होती. सहा वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात काढून आता तिने स्वतःची एक खोली घेतली होती, मुख्य रस्त्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. तिने सोमवारी सकाळीच बापाला गाठलं.

“बाबा, रविवारी दहाला दवाखाना उघडतोय. पाटी तुम्हीच करायची.”

“हे काय सांगायला लागतं?”

“लागतं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मिळाली नाही, तर मी छापून आणणार. तिथे दोन तासांत मिळते.”

इतर घरांत जे शब्द मुलांसमोर उच्चारत नाहीत, त्यांत या घरात ‘छापील’चा नंबर पहिला होता. पेंटरची बायको टपालखात्यात पस्तीस वर्षं पत्रं वेगळी करून निवृत्त झाली होती. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

लेकीच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेबी सावधपणा होता, आणि त्याला कारण होतं. ती अकरा वर्षांची असताना शाळेत पहिली आली होती. शाळेच्या भिंतभर मोठ्या फलकावर दरवर्षी पहिल्या येणाऱ्याचं नाव रंगवायचं काम पेंटरकडेच होतं. बक्षीस समारंभाच्या दिवशी सगळी शाळा त्या फलकाकडे वळली, तेव्हा लेकीच्या नावाच्या जागी नुसता पांढरा प्रायमर होता. मधल्या आठवड्यात एक सायकलवाला घसा खाकरून गेला होता. “माझं नाव पांढऱ्यात पांढरं लिहिलंय,” असं ती मैत्रिणींना सांगत होती. पेंटरने ते दारातून ऐकलं होतं. त्यावर तो आयुष्यात कधी कोणाशी बोलला नाही.

म्हणून या वेळी त्याने ठरवलं, की आठवड्याचं नियोजन करायचं. मास्तरांच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत कृती दिलेलीच होती. आधी कामं लिहून काढा, मग त्यांचा क्रम लावा. आता कागदावर पेनाने लिहिणं ही पेंटरची जात नव्हे. त्याने तीन बाय दोन फुटांची फळी काढली, घासली, प्रायमर मारला, वाळवला, दोरा मारून ओळी आखल्या आणि वर ‘या आठवड्याची कामे’ असा मथळा लाल अक्षरांत काढला. मग त्याला काळी किनार दिली. मग किनारीला सावली.

संध्याकाळी बायको मागे येऊन उभी राहिली.

“आठवडा काय देखणा दिसतोय,” ती म्हणाली. “सोमवार संपला.”

मंगळवारी त्याने कामं लिहायला घेतली. केशकर्तनालयाची पाटी, बेकरीचा फलक, ‘येथे गाडी लावू नये’ तीन नग, शाळेचा तोच फलक, दातांच्या डॉक्टरांकडे नेणारा बाण आणि लेकीची पाटी. सगळीच कामं महत्त्वाची, म्हणून सगळीच त्याने नऊ इंची अक्षरांत धरली. केशकर्तनालयाचं ‘केशकर्त’ एवढं झालं आणि फळी संपली.

पेंटर डोकं धरून बसला. बायको चहा घेऊन आली. तिने फळी वाचली, आणि ‘केशकर्त’ हे काय प्रकरण आहे ते विचारलं नाही.

“मागे तो लोखंडी सामानवाला आला होता,” ती म्हणाली. “खिळे मोठे काढा, कुलपं मोठी काढा, रंग मोठे, नळ मोठे. त्याला काय सांगितलंत तुम्ही?”

“सगळेच ओरडले तर ऐकू कोणाचंच येत नाही. एकच गोष्ट मोठी करा, बाकीच्या तिच्या पायाशी बसवा.”

“तीस वर्षं सांगताय.”

“बरोबरच आहे ते.”

“मग घरातल्या गिऱ्हाइकालाही सांगून बघा एकदा,” ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

चहा गार झाला. पेंटरने टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि अख्खी फळी पुसली, सावलीसकट. मग वर मधोमध एकच शब्द काढला. ‘लेक’. नऊ इंची. त्याच्याखाली दोन इंचांत शाळा. त्याखाली इंचभर अक्षरांत उरलेली मंडळी. आणि जे कुठेच बसेना ते सोडून दिलं. सोडून दिलेल्यांत एक काम असं होतं, की ते आपण करतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. रोज दीड तास गावभर फिरून दुसऱ्या पेंटरांच्या पाट्यांतल्या चुका काढणं.

बुधवारी केशकर्तनालयवाला आला आणि त्याने घसा खाकरला.

पेंटरचा हात सवयीने थांबला. ‘नाही’ हा शब्द त्याने शेकडो पाट्यांवर लिहिला होता, ‘उधार मिळणार नाही’पासून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’पर्यंत. तोंडाने मात्र त्याला तो कधी जमला नव्हता. त्याने ब्रशच्या टोकाने फळी दाखवली.

केशकर्तनालयवाल्याने फळी वाचली. मग वाकून वाचली.

“मी इथे? ‘गाडी लावू नये’च्या खाली?”

“पुढच्या गुरुवारी देतो.”

“तुमचा गुरुवार मला चांगला माहीत आहे, पेंटर.”

“हा वेगळा आहे. फळीवर आहे.”

तो कुरकुरत गेला, पण गेला. बेकरीवाला मात्र फळी वाचायलाही थांबला नाही. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, दुपारपर्यंत त्याने छापील फलक आणून लावलासुद्धा. पेंटरला ते कळलं तेव्हा तो लेकीच्या नावाच्या दुसऱ्या अक्षराच्या वळणावर होता. त्याने श्वास धरला, वळण पूर्ण केलं आणि मगच सोडला. पुढे कोणी विचारलं तर तो सांगे, “आयुष्यात मारलेलं सगळ्यात सरळ वळण ते.” वळण सरळ कसं असेल, असं विचारणारा माणूस पेंटर नसतो.

शुक्रवारी एक घोटाळा झाला. लेकीच्या पदव्या लिहायची वेळ आली आणि बापाच्या छातीत काहीतरी फुगलं. त्याने पदव्याही नऊ इंची आखल्या. लेक रंग बघायला आली होती.

“बाबा, लोकांना दार सापडायला हवं. पदव्या कशाला?”

“इतकी वर्षं घातलीस तू त्यांत.”

“सगळेच ओरडले तर...” तिने वाक्य अर्धंच सोडलं. आईचीच मुलगी ती. पदव्या दीड इंचांवर आल्या.

शनिवारी दुपारी चार वाजता पेंटरने ब्रश धुतला. पाटी झाली होती. सहाला दोन तास होते. अशी वेळ त्या घरावर आधी कधी आली नव्हती, त्यामुळे काय करायचं ते कोणालाच सुचेना. शेवटी तिघांनी पाटीसमोर खुर्च्या टाकल्या आणि ती वाळताना बघत बसले. बायको म्हणाली, “टपालात पस्तीस वर्षं काढली, पण पत्त्यावर वेळेत पोचलेलं असं टपाल पाहिलं नाही.” पेंटरने उठून ओल्या पाटीवर घोंगावणारी माशी हाकलली.

रविवारी साडेनऊला पाटी दारावर चढली. लेकीने शिडीवर चढून शेवटच्या अक्षराला बोट लावलं आणि बोट उलटं करून पाहिलं. स्वच्छ होतं.

“वाळलंय,” ती म्हणाली.

“कालच.”

“कालच,” तीही म्हणाली, पण खाली बघून नाही. पाटीकडेच बघत राहिली बराच वेळ. मग म्हणाली, “पांढऱ्यावर निळं छान उठून दिसतं, बाबा.”

पेंटर रस्त्याच्या पलीकडे जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. किल्लीवाला येऊन बघून गेला. मास्तरही आले आणि त्यांनी घड्याळ व पाटी आळीपाळीने दोनदा पाहिली. एवढी मोठी, एवढी नेमकी, एवढी वेळेवर झालेली पाटी या रस्त्याने पाहिली नव्हती. टोकाच्या चौकातूनसुद्धा नाव वाचता येत होतं. पेंटरला वाटलं, आज जग जिंकलं नसेल, पण निदान रस्त्याची ती बाजू तरी जिंकली.

बरोब्बर दहाला दवाखान्याचा पहिला पेशंट आला. काठी टेकत आलेली एक आजी पाटीखालीच थांबली, मान वर करून तिने डोळे बारीक केले, मग आणखी बारीक केले आणि पेंटरला हाक मारली.

“अहो भाऊ, इकडे या जरा. इथे काहीतरी निळं निळं दिसतंय, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवता?”